पन्नाशीनंतर मोफत ऑनलाइन कोर्स : काय शिकलात, कुठे, आणि शेवटपर्यंत गेलात का?

वैजयंती_मिरज

या वर्षी बँकेतून निवृत्त झाले. बरीच वर्षं सुट्टी मिळेल तसे किल्ले बघत आले, आता सवडच सवड आहे. गड चढताना काही प्रश्न सारखे डोक्यात येतात. कड्यावर आडवे पट्टे का दिसतात? मध्येच विटेसारखा लाल थर कुठून येतो? दगडातल्या पोकळीत पांढरे स्फटिक कसे तयार होतात? कुणाला विचारलं की "ज्वालामुखीचा खडक आहे" म्हणतात आणि विषय संपतो. मला भूशास्त्र रीतसर शिकायचंय. पदवी कॉमर्सची, विज्ञान दहावीपर्यंतच. कॉलेजात नाव घालायचं नाही, घरी बसून जमेल तसं शिकायचंय.

इंटरनेटवर मोफत कोर्स ढिगाने आहेत म्हणतात. पण जाहिरात बघावी तर सगळी नोकरी शोधणाऱ्या मुलांसाठी. पगार वाढेल, पॅकेज मिळेल, बायोडेटा भारी दिसेल. ज्यांना शिकायचं म्हणून शिकायचंय अशा मोठ्या माणसांचा विचार कुणी करत नाही, असं माझं स्पष्ट मत झालंय. हे खोडून काढणारं कुणी भेटलं तर आनंदच होईल.

तुम्ही कुठल्याही विषयाचा कोर्स केला असेल तर लिहा. फुकट म्हणजे खरंच फुकट होता का, तेही लिहा.

सदाफुली

वाचतेय. मला कलेचा इतिहास शिकायचाय, कुणी केला असेल तर जरूर सांगा.

खोडदकर

चांगला धागा. मी तंत्रनिकेतनात शिकवायचो, त्यामुळे हे सगळं उभं राहताना जवळून पाहिलंय.

वर्गातलं शिकवण्याचं साहित्य जगाला फुकट खुलं करणार, असं अमेरिकेतल्या एमआयटीने २००१ मध्ये जाहीर केलं. आपल्याकडे २००३ मध्ये सात आयआयटी आणि बंगळुरूची आयआयएससी यांनी मिळून एनपीटेल सुरू केलं. तेव्हा ती नुसती चित्रित व्याख्यानं होती. २०१४ पासून त्यांना स्वाध्याय, परीक्षा आणि प्रमाणपत्र जोडलं गेलं. मग ९ जुलै २०१७ ला केंद्र सरकारचं 'स्वयम्' आलं. एनपीटेल त्याचाच एक भाग आहे, शिवाय इग्नू, एनसीईआरटी, आयआयएम बंगळुरू वगैरे. म्हणजे इंजिनिअरिंगच नाही, इतिहास, भाषा, कायदा, शेती, संगीत असं सगळं तिथे आहे.

पैशाचं गणित सोपं आहे. नाव नोंदवणं, व्हिडिओ आणि दर आठवड्याचा स्वाध्याय फुकट. प्रमाणपत्र हवं असेल तर केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची, तिची फी एनपीटेलला हजार रुपयांच्या आसपास असते. परीक्षा द्यायलाच पाहिजे असं काही नाही. दिलीत तर स्वाध्यायाचे २५ आणि परीक्षेचे ७५ गुण. बारा आठवड्यांच्या कोर्सात तुमचे सगळ्यात चांगले आठ स्वाध्याय धरतात, त्यामुळे घरात लग्नकार्य निघालं तरी बिघडत नाही. सत्रं दोन, जानेवारीला आणि जुलैला सुरू होणारी. सत्र चुकलं तरी जुने व्हिडिओ यूट्यूबवर असतातच.

घरी इंटरनेट नीट नसेल तर 'स्वयम् प्रभा'च्या शैक्षणिक टीव्ही वाहिन्या डीडी फ्री डिशवर लागतात. हे फार लोकांना माहीत नसतं.

रात्रपाळी

मी वीज उपकेंद्रात ऑपरेटर आहे, चंद्रपूर बाजूला. आयआयटी मुंबईचं 'स्पोकन ट्युटोरियल' कुणी अजून लिहिलं नाही म्हणून लिहितो. प्रा. कण्णन मौद्गल्य यांनी सुरू केलेला प्रकल्प. साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे, आणि मराठीत आहेत. लिब्रे ऑफिस, लिनक्स, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा, चित्रांसाठी जिम्प, बरंच काही. सगळं फुकट.

पद्धत अशी की पडद्याच्या एका बाजूला धडा लावायचा, दुसऱ्या बाजूला तेच सॉफ्टवेअर उघडायचं. बाई सांगतात, "आता बी-दोन या चौकटीवर क्लिक करा." धडा थांबवायचा, क्लिक करायचं, जमलं की पुढे. लिब्रे ऑफिसमधलं आकडेमोडीचं कॅल्क मी याच पद्धतीने शिकलो. आमच्या फीडरच्या, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिन्यांच्या, लोडच्या नोंदी आधी रजिस्टरमध्ये हाताने बेरजा मारून काढायचो. आता कुठल्या तासाला कुठल्या फीडरवर भार चढतो त्याचा आलेख काढतो. साहेबांनी तो आलेख भिंतीवर लावलाय.

पावसाळी_ढग

उत्साहावर पाणी टाकायचं नाही, पण खरं ते सांगायला हवं. हे कोर्स कुणीही पुरे करत नाही. एमआयटी आणि हार्वर्डच्या कोर्सेसच्या आकडेवारीवर २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लेख आला होता. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी पुरे करणारे सुमारे ३ टक्के! आधीच्या वर्षांपेक्षाही कमी. २०११-१२ मध्ये "आता विद्यापीठं बंद पडणार" म्हणून केवढा गजर झाला होता.

वैजयंतीताई, मी म्हणेन की सरळ एक चांगलं पाठ्यपुस्तक घ्या आणि ओळीने वाचा. पुस्तक कुठल्याही पानावर थांबून विचार करू देतं. व्हिडिओत माणूस नुसता बघत बसतो आणि आपल्याला समजलं असं त्याला वाटत राहतं.

मुक्ता_जोगळेकरवाडी

@पावसाळी_ढग, त्याच लेखातला दुसरा आकडाही सांगा की. ज्यांनी प्रमाणपत्रासाठी पैसे भरले होते त्यांच्यातले ४६ टक्के पुरे करत होते. म्हणजे ज्यांनी ठरवून नाव घातलं त्यांच्यातले निम्मे शेवटपर्यंत गेले. आपल्या रात्रशाळांना आणि बहिःस्थ अभ्यासक्रमांना विचारा, हे प्रमाण वाईट नाही.

आणि पुरं करणं म्हणजे काय? मी अंगणवाडी पर्यवेक्षिका आहे. मला स्तनपानाच्या वेळी बाळाला छातीशी कसं धरायचं एवढंच नीट समजून घ्यायचं होतं, कारण आमच्याकडे बाळांची वजनं वाढत नव्हती. रात्रपाळींनी सांगितलेल्या त्याच आयआयटी मुंबईच्या प्रकल्पात आरोग्य-पोषणाचे मराठी धडे आहेत. त्यातले मला हवे तेवढेच पाहिले. बाळाचं तोंड पुरेसं मोठं उघडलं की मगच जवळ घ्यायचं, हनुवटी छातीत रुतली पाहिजे, नुसतं बोंड तोंडात जाऊन उपयोग नाही. हे मोबाइलवर दाखवून मी गावातल्या आयांना समजावलं. पुढचे धडे मी पाहिले नाहीत. तुमच्या हिशेबात मी गळालेली विद्यार्थिनी. माझ्या हिशेबात माझं काम झालं.

पावसाळी_ढग

मान्य. तुमचं उदाहरण वेगळं आहे, तुम्हाला एक नेमका प्रश्न होता. माझं म्हणणं 'बघू या जरा काय आहे' म्हणून नाव घालणाऱ्यांबद्दल आहे.

सदाफुली

'बघू या जरा' म्हणून तर माणूस ग्रंथालयातही शिरतो, ढगदादा! :)

कातळशिल्प

वैजयंतीताई, मी भूशास्त्र शिकवतो, तुमचे तिन्ही प्रश्न वाचून राहवलं नाही.

आडवे पट्टे म्हणजे एकावर एक थापलेले लाव्ह्याचे थर. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हे भेगांमधून बाहेर पडले आणि आजही जवळपास पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहेत. दोन थरांच्या मध्ये मोठा काळ गेला तर खालच्या थराचा वरचा भाग कुजून माती होते. मग पुढचा लाव्हा येतो आणि ती माती भाजून निघते. तोच तुमचा विटेसारखा थर. आम्ही त्याला रेड बोल म्हणतो. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे तो सगळ्यात छान दिसतो. पुढच्या वेळी पाहाल तेव्हा त्याची वरची आणि खालची कड निरखा. वरची बहुतेक ठिकाणी रेघ मारल्यासारखी ठळक असते, खालची हळूहळू खडकात विरत जाते. कारण माती खालच्या खडकापासूनच झालीय, वरचा लाव्हा मात्र बाहेरून आलेला पाहुणा. थराशी पाणीही झिरपताना दिसतं.

पांढरे स्फटिक म्हणजे बहुधा झिओलाइट. लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे थिजून पोकळ्या राहतात, नंतर खडकातून फिरणारं गरम पाणी त्यात खनिजं सोडत जातं. पुणे, नाशिक, जळगाव भागातले झिओलाइट जगभरच्या संग्रहालयांत आहेत.

कोर्स : एनपीटेलवर आयआयटी कानपूरचे प्रा. जावेद मलिक यांचा 'अर्थ सायन्सेस फॉर सिव्हिल इंजिनिअरिंग' बघा. नावाला घाबरू नका, सुरुवात अगदी पायापासून आहे. खडकांचे प्रकार, भूकंप, नद्यांचं काम, सगळं येतं. कॉमर्सच्या माणसाला झेपेल. पण @पावसाळी_ढग यांचं अर्धं म्हणणं मला पटतं. भूशास्त्र पडद्यावर अर्धंच कळतं. हातात दगड पाहिजे, दहा पट मोठं दाखवणारं भिंग पाहिजे. भिंग काही महाग नसतं, घेऊन टाका.

वैजयंती_मिरज

कातळशिल्प, किती सुंदर समजावलंत! वरची कड ठळक आणि खालची विरत जाणारी, हे इतक्या वेळा बघूनही कधी लक्षातच आलं नव्हतं. भिंग घेतेच.

आजी_श्टुटगार्टची

मुलगी-जावई जर्मनीत, मी वर्षातले काही महिने तिथे असते. दुकानात, बसमध्ये दर वेळी मुलीला पुढे करायचा कंटाळा आला होता. डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा मोफत कोर्स केला, अगदी पहिल्या पायरीपासून आहे. छोटे छोटे प्रसंग, मग त्यावर प्रश्न. सोबत एनपीटेलवर आयआयटी मद्रासच्या प्रा. मिलिंद ब्रह्मे यांचा जर्मनचा कोर्स लावला. दोन्हींचा स्वभाव वेगळा. पहिला बोलतं करतो, दुसरा व्याकरण पक्कं करतो.

आपल्याला एक मोठा फायदा आहे बरं का. तीन लिंगं आपल्या भाषेत आहेतच! इंग्रजीवाले 'टेबलाला कसलं लिंग' म्हणून डोकं धरतात, आपण तो पंखा, ती खुर्ची, ते टेबल म्हणतच मोठे झालो. अर्थात लिंगं जुळत नाहीत, पाठ करावीच लागतात. आता बेकरीत मी एकटी जाते. नातू माझे उच्चार सुधारतो, मी त्याला ळ म्हणायला शिकवते.

बार्शीचा_तुकाराम

इथं सगळे शिकलेले लोक दिसतात, तरी लिहितो. मी शेतकरी. तूर, सोयाबीन, थोडी द्राक्षं. बारावी झालो. माझी अडचण फुकट-विकतची नाही, इंग्रजीची आहे. व्हिडिओ फुकट असून काय करायचं, समजत नसेल तर?

तरी एक कोर्स मी चिकाटीनं केला. देहरादूनची इस्रोची आयआयआरएस संस्था उपग्रहाच्या चित्रांवर मोफत कोर्स घेते. व्हिडिओचा वेग कमी करायचा, एक वाक्य दोनदा ऐकायचं, अडलेला शब्द वहीत लिहायचा. पोरगी अकरावीला, संध्याकाळी तिला विचारायचं. वही भरली तशी व्याख्यानं सोपी होत गेली, कारण तेच ते शब्द परत येतात.

आता बघा काय मिळालं. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह दर पाच दिवसांनी आपल्या शेतावरून जातात, चित्रं फुकट. त्यातला एक ठिपका म्हणजे दहा मीटर बाय दहा मीटर. शंभर चौरस मीटर. म्हणजे जवळजवळ एक गुंठा! तुमच्या एकराचे चाळीस ठिपके. हिरवं पान लाल उजेड खातं आणि डोळ्याला न दिसणारा जवळचा अवरक्त उजेड परत फेकतं, या दोन्हींच्या फरकावरून पिकाची तब्येत काढतात, त्याला एनडीव्हीआय म्हणतात. माझ्या तुरीच्या रानात वायव्येच्या कोपऱ्यात तीन-चार गुंठे फिके दिसत होते. बांधावरून काही कळत नव्हतं. जाऊन बघितलं तर ठिबकची नळी चोंदलेली. पावसाळ्यात मात्र ढगामुळं ही चित्रं कामाला येत नाहीत, तेव्हा रडारवाला सेंटिनेल-१ बघावा लागतो. ते मी अजून शिकतोय.

खोडदकर

तुकारामभाऊ, या धाग्यावरचा सगळ्यात मोलाचा प्रतिसाद. ठिपका म्हणजे गुंठा हे मी आमच्या मुलांना सांगणार.

इंग्रजीबद्दल : एनपीटेलच्या पुष्कळ कोर्सेसना आता मराठी उपशीर्षकं आणि मराठीत उतरवलेला मजकूर मिळतो. सगळ्यांना नाही, आणि काही ठिकाणचं भाषांतर वाचून उलट गोंधळ वाढतो. पण चालू व्याख्यानासोबत समोर ठेवायला उपयोगी.

रात्रपाळी

+१. मराठीत जे आहे ते बहुतेक उतरवलेलं. मुळात मराठीत विचार करून शिकवलेला भूशास्त्राचा, संख्याशास्त्राचा कोर्स मोठ्या माणसांसाठी का नसावा? पोरांच्या शाळेचं आहे, स्पर्धा परीक्षांचं तर पोत्याने आहे. मधलं काहीच नाही.

वसुधा_फ्रीमाँट

कोर्सेरा आणि एडेक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळांबद्दल लिहिते, मी इथून ते खूप वापरलेत. दोन्ही २०१२ मधले. एडेक्स एमआयटी आणि हार्वर्डनी काढलं, २०२१ मध्ये ८० कोटी डॉलरला एका कंपनीला विकलं. सुरुवातीला जवळपास सगळं फुकट होतं, आता तसं नाही. एडेक्सवर फुकट शिकता येतं पण ठराविक मुदतीतच, मुदत संपली की दार बंद. कोर्सेरावर 'ऑडिट'चा, म्हणजे पैसे न भरता नुसतं शिकायचा, पर्याय पानावर बारीक अक्षरात असायचा, आता काही कोर्सना तो नसतोच, पहिला भाग दाखवून पुढे पैसे मागतात. मात्र तिथे आर्थिक साहाय्यासाठी अर्ज करता येतो. कोर्स का हवाय ते नीट लिहायचं, साधारण पंधरा दिवसांनी उत्तर येतं. निवृत्त माणसांनी बिनदिक्कत करावा.

पूर्ण मोफत हवं तर एमआयटीचं ओपनकोर्सवेअर. नावनोंदणीसुद्धा नाही. गिल्बर्ट स्ट्रँग यांचं रेषीय बीजगणित तिथे जरूर ऐका, खडूने फळ्यावर शिकवतात. गणिताची भीती असणाऱ्या माझ्या नवऱ्याने ते मन लावून ऐकलं.

@सदाफुली, कलेच्या इतिहासासाठी खान अकॅडमीवर भरपूर आहे. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचं 'ओपनलर्न' पण बघ. ते २००६ पासून फुकट आहे, सहभागाचा दाखलाही फुकट देतात.

सदाफुली

वसुधाताई, मनापासून आभार! आज रात्रीच उघडते.

निनाद_ठाणे

एक सावधगिरीची सूचना. 'मोफत वेबिनार' आणि 'मोफत कोर्स' यात फरक आहे. माझ्या वडिलांनी एका मोफत वेबिनारला फोन नंबर दिला. पुढचा आठवडाभर दिवसाला चार-पाच फोन. "काका, आजच सीट घेतली तर सवलत." शेवटी हप्त्यांवर पैसे भरायला लावले, आणि ते हप्ते म्हणजे एका वित्तसंस्थेचं कर्ज होतं हे त्यांना सांगितलंच नव्हतं. कर्ज रद्द करून घेताना नाकी नऊ आले. आईवडिलांना सांगून ठेवा : जिथे आधी फोन नंबर मागतात आणि पाठ नंतर दाखवतात, तिथे ओटीपी द्यायचा नाही.

मुक्ता_जोगळेकरवाडी

हे फार महत्त्वाचं. आमच्या सेविकांनाही असेच फोन येतात.

दत्ताकाका_इचलकरंजी

परीक्षेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. यंत्रमागाचा धंदा मुलाच्या हाती दिल्यावर मी एनपीटेलचा पायथनचा कोर्स केला, चेन्नईच्या प्रा. माधवन मुकुंद यांचा. परीक्षा कोल्हापुरात दिली. संगणकावर असते, कच्च्या कामाला कागद देतात, मूळ ओळखपत्र लागतं, नुसती झेरॉक्स चालत नाही. आजूबाजूला सगळी विशीतली मुलं. बाहेर रांगेत एकाने विचारलं, "काका, तो रिकर्शनचा प्रश्न तुम्हाला समजला का?" मी पिशवीतून वही काढली आणि पायरीवर बसून त्याला सोडवून दाखवला. बघता बघता पाच-सहा जण जमले.

परीक्षेला बसा असं मी सगळ्यांना सांगेन. प्रमाणपत्राचा मला काडीचा उपयोग नाही. पण स्वाध्यायाची मुदत बुधवारी रात्री ११:५९ ला संपते म्हटल्यावर मंगळवारी रात्री मालिका आपोआप बंद होते, आणि घरचेही पाहुण्यांना सांगतात, "नंतर या, यांचा अभ्यास चाललाय."

पावसाळी_ढग

दत्ताकाका, हे वाचून माझं मत थोडं हललं. व्हिडिओ नव्हे, ती मुदत आणि ती पायरीवरची मुलं काम करतात. मग आपणच का असं करू नये? वैजयंतीताईंना भूशास्त्र शिकायचंय, कातळशिल्प शिकवतात, मलाही या विषयात रस आहे. जुलैच्या सत्रात सगळ्यांनी एकच कोर्स घ्यायचा आणि आठवड्यातून एकदा तासभर ऑनलाइन भेटायचं.

कातळशिल्प

मी तयार. त्या सत्रात प्रा. मलिक यांचा कोर्स नसला तरी जुन्या व्हिडिओंवर करू. दर आठवड्याची व्याख्यानं ज्याने त्याने आधी बघून यायची, भेटीत फक्त शंका. सगळं मराठीत. आणि प्रत्येकाने आपल्या परिसरातला एक दगड आणायचा, कॅमेऱ्यासमोर धरायचा. पहिल्या भेटीसाठी दगडाचा ताजा तुटलेला पृष्ठभाग हवा, झिजलेला नको.

वैजयंती_मिरज

मी यादी करते. शनिवारी संध्याकाळी सात?

वसुधा_फ्रीमाँट

इथे सकाळचे साडेसहा. चालेल.

आजी_श्टुटगार्टची

मीही येईन, दुपारी साडेतीन म्हणजे नातू शाळेतून... छे, शनिवारी शाळा नाही. त्यालाही घेऊन बसते.

रात्रपाळी

पाळी असेल तेव्हा जमणार नाही. रेकॉर्डिंग ठेवाल का?

बार्शीचा_तुकाराम

मला पण घ्या. आमच्याकडं विहीर खणताना लाल थर लागला होता, त्याच्याखाली पाणी कसं असेल हे विचारायचंय. विहिरीतला दगड चालेल का?

कातळशिल्प

तुकारामभाऊ, चालेल म्हणजे काय, हवाच आहे. शक्य असेल तर तीन तुकडे आणा : लाल थराच्या वरचा, लाल थराचा आणि खालचा. प्रत्येकावर किती फुटांवर लागला ते लिहून ठेवा. रात्रपाळी, रेकॉर्डिंग ठेवू.

वैजयंती_मिरज

सगळ्यांना दुवा व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) पाठवते. अजून कुणाला यायचं असेल तर इथेच लिहा.